वृत्तनिवेदक व्हायचंय? मग आधी डेस्कवर बसा

लातूरहून एका मुलीने विचारलं आहे. मराठीत एम.ए. झालंय, पत्रकारितेची पदविका चालू आहे, कॉलेजच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन केलंय, आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. टीव्हीवर बातम्या द्यायच्या आहेत. पण बोलण्यात मराठवाडी हेल येतो, आणि घरचे म्हणतात, चेहरा चालेल तोवरच ही नोकरी. तर हे आयुष्य खरं कसं असतं, किती वर्षं चालतं, आणि दूरदर्शनच्या जुन्या निवेदकांसारखं नाव आज होऊ शकतं का?

घरच्यांचं म्हणणं सगळं खरं नाही, पण त्यात दम आहे. म्हणून तिथूनच सुरू करते. मी आधी आकाशवाणीच्या पॅनलवर होते, मग दूरदर्शनवर, मग चोवीस तासांच्या वाहिन्यांवर. हल्ली पडद्यावर कमी असते आणि नव्या मुलांच्या कॉप्या, म्हणजे लिहिलेल्या बातम्या, तपासण्यात जास्त. एवढ्या काळात जे पाहिलं त्यावरून सांगते, नुसतं वाचणारा निवेदक फार दिवस राहत नाही. ज्याला बातमी लिहिता येते, किंवा ज्याचं बाहेर दुसरं काही भक्कम चालू असतं, तो राहतो. आणि हे चोवीस तासांच्या वाहिन्या आल्यावर झालं असं समजू नका. पहिल्यापासून तसंच आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं ते दुसरं केंद्र. वरळीच्या त्या इमारतीतून संध्याकाळचे काही तास प्रक्षेपण व्हायचं आणि पुढे सात वाजताच्या मराठी बातम्या म्हणजे घराघरातला नेम झाला. विश्वास मेहेंदळे हे पहिले वृत्तनिवेदक. मग भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन, प्रदीप भिडे. ही नावं काढली की लोक हळवे होतात, पण त्यांचं बाकीचं आयुष्य कुणी बघत नाही. मेहेंदळे नाटकातले, लेखणीचे आणि अध्यापनातलेही. भक्ती बर्वे रंगभूमीवरच्या मोठ्या अभिनेत्री. अनंत भावे मराठीचे प्राध्यापक, लहान मुलांसाठी कविता लिहिणारे. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायच्या हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, पण त्या काही थोडी वर्षंच तिथे होत्या आणि तिथूनच श्याम बेनेगलांच्या नजरेत आल्या. भिडे सुमारे चार दशकं बातम्या देत राहिले, जून २०२२ मध्ये गेले तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने घरचं माणूस गेल्यासारखं मानलं. पण त्यांनीही आधी कंपनीत जनसंपर्काची नोकरी केली आणि पुढे स्वतःचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ काढला. जाहिराती, माहितीपट, कार्यक्रमांचं निवेदन हा त्यांचा मोठा व्याप होता.

म्हणजे ज्यांना आपण ‘बातम्या देणारे’ म्हणून ओळखतो, त्यांतल्या बहुतेकांचं पोट बातम्यांवर नव्हतं. कारण साधं आहे. दूरदर्शन आणि आकाशवाणीत बरेचसे निवेदक नैमित्तिक असतात. लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी द्यायची, पॅनलवर नाव लागतं, महिन्याला मोजक्या ड्यूट्या मिळतात आणि ड्यूटीप्रमाणे मानधन. आजही आकाशवाणीची जाहिरात निघते ती ‘न्यूज रीडर कम ट्रान्सलेटर’ अशी. यातला ‘ट्रान्सलेटर’ वाचून पुष्कळ मुलं नाक मुरडतात. मी म्हणते, त्या नोकरीचा अर्धा जीव तिथे आहे. वृत्तसंस्थेची बातमी (आम्ही तिला तार म्हणतो) इंग्रजीतून येते, वेळ पंधरा-वीस मिनिटं, आणि ती सांगण्याजोग्या मराठीत आणायची. हे ज्याने काही वर्षं केलं त्याला पुढे कुठलाही प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर मजकूर दाखवणारा पडदा, घाबरवत नाही. पुण्याहून सकाळच्या प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज अनेकांच्या कानात अजून असेल. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल मनोज नरवणे त्यांचे चिरंजीव. ही आवाजाची माणसं, चेहरा कुणी पाहिलेला नाही, आणि तरी नाव झालं.

पगारी निवेदक ही जात मराठीत तशी अलीकडची. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. ई टीव्हीच्या बातम्या हैदराबादहून, रामोजी फिल्म सिटीतून जायच्या, त्यामुळे परभणी, अकोला, सांगलीची पोरं एकदम हैदराबादला जाऊन पडली. आज मराठी टीव्हीत जी मंडळी वरच्या खुर्च्यांवर आहेत त्यांतल्या अनेकांचं शिक्षण तिथे झालं. मग २००७ मध्ये झी चोवीस तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. एका वर्षात मागणी इतकी वाढली की ज्याला स्वच्छ मराठी वाचता येत होतं तो अँकर झाला. ती भरती आता ओसरली आहे. वाहिन्या आहेत, पण जागा निघते तेव्हा बहुधा कुणीतरी दुसरीकडे गेलेलं असतं म्हणून निघते.

पैशाचं थोडक्यात सांगते. सुरुवातीचा पगार तुमच्या वर्गातल्या ज्या मुली बँकेत किंवा आयटीत लागतील त्यांच्याहून कमी असेल, आणि मुंबईत खोलीचं भाडं त्यातला मोठा घास घेईल. प्राइम टाइमला बसणाऱ्या चार-दोन चेहऱ्यांचा पगार चांगला असतो, बाकीच्यांचा बेताचा. नोकरी बहुतेक ठिकाणी करारावर. करारात बाहेरचं सूत्रसंचालन, जाहिरातीचा आवाज, स्वतःचं यूट्यूब चॅनल यांना परवानगी आहे का, सोडून गेल्यावर किती महिने दुसऱ्या वाहिनीवर दिसायचं नाही, ही कलमं सही करण्याआधी वाचा. आनंदाच्या भरात कुणी वाचत नाही आणि मग तीच आडवी येतात.

आता दिवस कसा जातो ते. सकाळची शिफ्ट असेल तर पहिलं बुलेटिन पहाटेचं. गाडी घ्यायला येते तेव्हा सोसायटीचा वॉचमनसुद्धा झोपेत असतो. मेकअप, केस, रनडाऊनवर, म्हणजे बातम्यांच्या क्रमाच्या यादीवर नजर, रात्रीच्या डेस्कने, म्हणजे बातम्या लिहिणाऱ्या-तपासणाऱ्या मंडळींनी, काय ठेवलंय ते बघायचं, हेडलाइन्स मोठ्याने एकदा म्हणायच्या, आणि बसायचं. मराठीत चहा न पिता पहिलं वाक्य म्हणणारा निवेदक मी अजून पाहिला नाही, पण बुलेटिनच्या आधी दुधाचा चहा घशात चिकटतो. कोमट पाणी घ्या. रात्री उशिरा जेवण, पहाटे काम, अनियमित झोप, यातून आम्ल वर येतं आणि स्वरयंत्र खराब होतं. आमच्या धंद्यातले आवाज ओरडून जातात त्याहून जास्त पित्ताने जातात. हे कुठल्याही कोर्समध्ये सांगत नाहीत.

सकाळची शिफ्ट म्हणजे शिळ्या बातम्या असा नव्यांचा समज असतो. त्यांना मी २३ नोव्हेंबर २०१९ ची आठवण देते. आदल्या संध्याकाळी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी सांगितलं होतं. सगळ्या वर्तमानपत्रांची पहिली पानं त्याच मथळ्याने छापून आली होती, सकाळच्या रनडाऊनमध्येही तेच. आणि आठच्या सुमारास राजभवनावरून देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांच्या शपथविधीची दृश्यं आली. पहाटे राष्ट्रपती राजवट उठवलेली. त्या वेळी राज्यभर जे जे निवेदक खुर्चीत होते त्यांच्यापुढचा प्रॉम्प्टर एका क्षणात रद्दी झाला. समोर कागद नाही, प्रोड्युसरलाच नीट ठाऊक नाही, कानात तीन जण एकदम बोलतायत, आणि पडद्यावर जे दिसतंय त्यावर लोकांचा विश्वास बसत नाहीय. तेव्हा ज्याला विधानसभेचं संख्याबळ तोंडपाठ होतं, २८८ मध्ये बहुमताला १४५ लागतात, कुणाकडे किती आहेत, राज्यपालांनी आधी कुणाला किती मुदत दिली होती, तो बोलत राहिला. बाकीच्यांनी ‘मोठी बातमी’ हे दोन शब्द तासभर फिरवले.

हे जे बोलत राहणं आहे ना, नोकरी त्याची आहे. वाचणं पंधरा दिवसांत येतं. जरा जवळून दाखवते. समजा कानात आवाज आला, ‘द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ अपघात, बस आणि कंटेनर, घे.’ एवढंच. दृश्यं नाहीत, रिपोर्टर वाटेत आहे, फोनो, म्हणजे त्याच्याशी फोनवरून थेट बोलणं, लागायला पाच-सात मिनिटं. पडद्याखाली बातमीची पट्टी चढली, कॅमेरा तुमच्यावर. नवा निवेदक ती एक ओळ चार वेळा चार तऱ्हांनी म्हणतो आणि मग ‘अत्यंत दुर्दैवी, अंगावर काटा आणणारी’ अशी विशेषणं सुरू करतो. मुरलेला माणूस जागा सांगतो: हा घाटाचा टप्पा, मुंबईकडे येणारी मार्गिका की पुण्याकडे जाणारी ते अजून कळलेलं नाही, जखमींना जवळची रुग्णालयं कुठली. मग जे माहीत नाही ते स्पष्ट म्हणतो: बस कुठून कुठे चालली होती हे समजलेलं नाही, जखमींचा आकडा पोलिसांनी दिलेला नाही. दर दोन मिनिटांनी पहिली ओळ परत घेतो, कारण टीव्ही आत्ताच लावलेला माणूस असतो. आणि फोनो लागला की रिपोर्टरला पहिला प्रश्न, ‘तुम्ही आत्ता कुठे आहात, समोर काय दिसतंय?’ त्याचं उत्तर तो डोळ्यांनी देऊ शकतो. ‘अपघात कसा झाला?’ हा प्रश्न त्याला अंदाज करायला लावतो, आणि तो अंदाज तुमच्या वाहिनीच्या नावावर फिरतो.

कानातल्या टॉकबॅकची सवय हा वेगळाच प्रकार आहे. तुम्ही वाक्याच्या मध्यावर असता आणि पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, ‘बाईट (कुणाच्या बोलण्याचा तुकडा) तयार नाही, ओढ’, ‘तीस सेकंद, आटप’, ‘पुढची ड्रॉप’, ‘गेस्ट बसले’ असं चालू असतं. चेहऱ्यावर त्यातलं काही उमटता कामा नये. घरी सराव करायचा तर एका कानात रेडिओ लावा आणि अग्रलेख मोठ्याने वाचा. दोन आठवड्यांत जमतं. मात्र त्यानंतर घरचे तक्रार करतात की आम्ही बोलतो ते तू ऐकतच नाहीस, आणि ती तक्रार रास्त असते.

हेलाचं काय, हा तुमचा खरा धसका दिसतो. तो सोडा. लातूर, नांदेड, वऱ्हाड, खानदेश, सगळीकडचे निवेदक आज पडद्यावर आहेत. पुणेरी नाकातला सूर म्हणजे प्रमाण मराठी, हा समजही आता राहिलेला नाही. घरी ‘काय करायलास’ म्हणा, कुणी अडवत नाही. बुलेटिनमध्ये तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, न-ण आणि ल-ळ. यात मराठवाड्याची मुलं अनेकदा मुंबईच्या मुलांपेक्षा सरस असतात. दोन, च आणि ज यांचे दोन दोन उच्चार. ‘चार’ आणि ‘चारा’, ‘जग बदललं’ आणि ‘तू जग’, चंद्रपूर आणि चाकण. हिंदी वातावरणात वाढलेली मुलं जळगावला सरसकट ‘ज्यळगाव’ करतात आणि जळगावकरांचा जळफळाट होतो. तीन, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, वाक्याचा शेवट. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिलेला नाही’ या वाक्यात दम ‘दिलेला’पर्यंत संपला आणि ‘नाही’ घशात विरलं, तर राज्यात राजीनामा झाला! मराठवाडी हेलात वाक्याचं शेपूट लांबतं आणि वर जातं, ते नुसतं खाली आणून टेकवायचं. कुणा चांगल्या नाट्यशिक्षकाकडे महिना-दोन महिने गेलात तर काम होतं. त्यासाठी हजारो रुपयांचे ‘अँकरिंग क्लास’ लावू नका. तिथे कोट घालून क्रोमासमोर, म्हणजे हिरव्या पडद्यासमोर, फोटो काढण्यापलीकडे फारसं काही घडताना मी पाहिलं नाही.

वेग हाही विषय आहे. शांत बुलेटिन मराठीत मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्दांनी चालतं. ‘सुपरफास्ट’ म्हणून शंभर बातम्या कोंबल्या की तो वेग कुठच्या कुठे जातो. ते वाचताना श्वास बातमीच्या शेवटी घ्यायचा, मधे नाही, आणि आकड्यांवर घसरायचं नाही. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांत भल्याभल्यांची दांडी उडते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा राज्यभर वाद झाला. आमच्या न्यूजरूममध्ये मात्र दोघा-तिघांचे चेहरे उजळले होते. निकालाच्या दिवशी आकडे दर मिनिटाला हलतात आणि प्रॉम्प्टर नसतो. त्या दिवसाची तयारी म्हणजे मतदारसंघांची यादी घेऊन बसणं. लोकसभेच्या ४८ जागांची नावं, मागचे दोन निकाल आणि मुख्य उमेदवार हे पाठ असायलाच हवं. विधानसभेच्या २८८ पाठ होत नाहीत, पण जिल्हावार वही करता येते. माझी अशी वही दर निवडणुकीला कुणीतरी मागून नेतं आणि परत देत नाही.

आता डेस्क. सुरुवातीला मी म्हटलं की लिहिणारा टिकतो, त्याचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्याचं घेऊ. तालुक्याहून अशी कॉपी येते: ‘जिल्ह्यातील विविध भागांत झालेल्या अतिवृष्टीमुळे शेतपिकांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाले असून नुकसानग्रस्त भागांचे पंचनामे करण्याचे आदेश प्रशासनाकडून देण्यात आले आहेत.’ ही ओळ अनेकजण तशीच वाचतात. तीत काही चुकीचं नाही, फक्त कानाला काही दिसत नाही. डेस्कवर बसलेली हुशार मुलगी रिपोर्टरला फोन लावते, दोन प्रश्न विचारते आणि लिहिते: ‘लातूर जिल्ह्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात आहे. औशात काही शेतकऱ्यांनी कापून ठेवलेल्या गंजीही वाहून गेल्या. पंचनामे करा, असे आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेत.’ तीन वाक्यं, श्वासाला सोपी. ‘असून’ गेलं, ‘देण्यात आले’ गेलं. हे वाचताना आवाजात नाट्य आणावं लागत नाही. पडद्यावर ज्यांचा ‘आवाज लागतो’ असं आपण म्हणतो, त्यांतल्या निम्म्यांची कॉपी लागलेली असते. म्हणून सांगते, पहिली दोन-तीन वर्षं डेस्क किंवा रिपोर्टिंग मिळत असेल आणि अँकरिंग मिळत नसेल, तर रडत बसू नका, घ्या.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं, कारण तोंडातून निघालेला शब्द परत येत नाही आणि थेट प्रक्षेपणात तर मुळीच नाही. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३. नाव घेतलं नाही पण गाव, शाळा, वडिलांचा धंदा सांगून टाकला, तरी ओळख उघड होतेच. पॅनलवरचा पाहुणा बोलण्याच्या ओघात नाव घेतो, तेव्हा त्याला तिथल्या तिथे थांबवणं निवेदकाचं काम. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कारवाईची थेट दृश्यं दाखवण्यावरून जे झालं, त्यानंतर चर्चा होत होत २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यायची. हे कागदावर सोपं आहे. कानात ‘समोरची वाहिनी दाखवतेय’ असं कुणी म्हणत असताना पाळायचं, तेव्हा कळतं.

आणि दुःखाच्या बातम्या. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. असे दिवस संपता संपत नाहीत. मृतांचा आकडा दर तासाला वाढतो आणि तो तुमच्याच तोंडून वाढतो. निवेदकाने रडावं की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत जुन्या वळणाचं आहे. डोळ्यांत पाणी आलं तर आलं, ते काढून दाखवायचं नाही. आवाज खाली घ्या, विशेषणं काढा, आकडा स्पष्ट म्हणा आणि दोन क्षण थांबून पुढच्या बातमीवर जा. पार्श्वभूमीला करुण संगीत लावणारे प्रोड्युसर भेटतील, त्यांच्याशी एकदा तरी भांडा. पण शिफ्ट संपल्यावर थेट घरी जाऊन झोपू नका. कुणाशी तरी बोला, चालून या. आमच्या पिढीने हे न बोलता गिळलं आणि त्याची किंमत बऱ्याच जणांनी मोजली.

आता घरच्यांचा मुद्दा, चेहऱ्याचा. बायकांच्या बाबतीत तो जास्त लागू होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पुरुष निवेदकाचे केस पांढरे झाले की तो ‘अनुभवी’ दिसतो. बाईचं वजन बाळंतपणानंतर वाढलं की तिची शिफ्ट न सांगता दुपारची होते. एका ठिकाणी मला स्वतःला असं बाजूला काढलं होतं. मी त्या काळात राजकीय कॉपी लिहायला लागले आणि सहा महिन्यांनी ज्या चर्चेच्या कार्यक्रमाला कुणी तयार नव्हतं तो माझ्याकडे आला. दुसरं काही हाताशी नसतं तर माझी कारकीर्द तिथेच संपली असती. साडी की ब्लेझर हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कामाच्या बाजूने सांगायचं तर क्रोमासमोर हिरवं नेसू नका, अंगाच्या जागी नकाशा दिसतो. बारीक चौकड्या आणि बारीक रेघा पडद्यावर थरथरतात. काचेच्या बांगड्या टेबलावर वाजतात आणि लेपल माइक मंगळसूत्राला घासला की ऑडिओवाला आतून ओरडतो.

नाव होईल का, हा प्रश्न राहिला. १९७२ नंतरची वीसेक वर्षं महाराष्ट्रात मराठी बातम्या दाखवणारी एकच वाहिनी होती. पाहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सात वाजता सगळं राज्य एका माणसाकडे बघायचं. ते परत येणार नाही आणि त्यात कुणाचा दोष नाही. आज तुमचा चेहरा एका वाहिनीचे प्रेक्षक ओळखतील, काही तुकडे मोबाइलवर फिरतील, एखादा अडखळण्याचा तुकडा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फिरेल. मीम झालं तर दोन दिवस फोन बंद ठेवा, तिसऱ्या दिवशी लोकांना दुसरं कुणीतरी मिळतं. एसटी स्टँडवर कुणीतरी ‘ताई, तुम्ही बातम्या देता ना’ म्हणेल आणि लगेच गावच्या पाण्याचा प्रश्न सांगेल. तो ऐकून घ्या. त्यातून मला चांगल्या बातम्या मिळाल्या आहेत.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या वयाच्या मुलांनी विचारायला हवी. २०२३ मध्ये ओडिशाच्या ओटीव्हीने ‘लिसा’ नावाची कृत्रिम निवेदिका आणली. मे २०२४ मध्ये डीडी किसानवर ‘कृष’ आणि ‘भूमी’ आले, ते पन्नास भाषांत बोलतील असं सांगण्यात आलं. हवामान, बाजारभाव, ठरलेल्या मजकुराची बुलेटिनं हळूहळू तिकडे जातील असं मला वाटतं, आणि त्यांना मेकअप लागत नाही, पित्तही होत नाही. खोपोलीजवळचा तो अपघात एका ओळीवर सात मिनिटं सांभाळायला मात्र अजून माणूस बसवावा लागतो. पाहुण्याला मधेच तोडून ‘हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?’ विचारायलाही.

तर आता लगेच काय करावं. पदविका पूर्ण करा. आकाशवाणीच्या पॅनलची जाहिरात येते का यावर नजर ठेवा, प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर ती लागते. छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक वृत्त विभाग आहे, तुम्हाला जवळ पडेल. लेखी परीक्षेत इंग्रजीतून मराठीत भाषांतर असतं आणि बहुतेक मुली आवाजात नाही, तिथे गळतात. त्यामुळे रोज एक इंग्रजी बातमी घेऊन ती शंभर शब्दांत मराठीत लिहा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि घरातल्या अशा माणसाला ऐकवा ज्याने ती वाचलेली नाही. त्याला एकदा ऐकून काय झालं ते परत सांगता आलं तर कॉपी बरोबर. स्थानिक केबल वाहिनीवर किंवा एखाद्या जिल्हा दैनिकात काम मिळालं तर घ्या, जिल्हा परिषद आणि बाजार समिती कशी चालते हे तिथेच कळतं.

मुंबईत स्क्रीन टेस्टला याल तेव्हा स्वतःचा लिहिलेला मजकूर घेऊन या. ते आपला देतील, तो वाचा, आणि मग ‘मी लिहिलेलंही वाचू का?’ असं विचारा. टेस्ट घेणाऱ्यांत मी असले तर मला तोच कागद बघायचा असतो. बातमीत एखादं गावाचं किंवा माणसाचं नाव अडलं तर ठोकून देऊ नका, थांबून उच्चार विचारा. विचारला म्हणून आजवर मी कुणाला नापास केलेलं नाही.